अंतराळातल्या बायांची कैवारी

अंतराळात नोकरी करणाऱ्या बायांची जेवढी काळजी माझ्या सासूबाईंनी अकोटात बसून केली, तेवढी त्या यानांच्या कप्तानांनीही केली नसेल. संध्याकाळची भाजी निवडायला घेतली की त्या हिंदीत बोलणाऱ्या परदेशी अंतराळमालिका लावायच्या आणि अंबाडीची पानं खुडता खुडता पडद्यावरच्या बायांची बाजू घेऊन भांडायच्या. बर्फाळ ग्रहावर सगळे पुरुष जाडजूड कोटात आणि एकटी बाई अंगाला चिकटलेल्या पातळ कपड्यांत उतरली, की मला स्वयंपाकघरात हाक यायची. "पाह्य वं, इले थंडी नसंन वाजत? इच्यापाशी येऊनच कापड संपलं काय?" मोठ्या हुद्द्याची बाई कप्तानाला कॉफी नेऊन देताना दिसली, तर "एवढी शिकली अन् कपच उचलून राहिली" म्हणून जेवणं होईपर्यंत हळहळायच्या. आमच्या यांनी एकदा समजावलं, "आई, मालिका आहे ती. कोणीतरी लिहिलेली." सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "लिहिणारा कोणाचा तरी नवराच असंन ना."

त्यांचा जीव होता एका यानातल्या डॉक्टरणीवर. हुशार, कमी बोलणारी, कप्तानाला तोंडावर चूक सांगणारी. एका संध्याकाळी ती स्फोटात गेली, आणि पडदाभर राहिले ते कप्तानाचे अश्रू. सासूबाईंनी टीव्ही बंद केला. "तिले कावून मारलं? याले रडता यावं म्हणून?" त्या दिवशी जेवल्या नाहीत. पुढे टीव्ही लावणंच सोडलं. घर एकदम गप्प झालं. पोळ्या लाटताना माझे कान त्या हाकेची वाट बघत राहायचे.

त्यांचं मन रमावं म्हणून मुंबईला नणंदेकडे जाताना आम्ही दोघींनी अमरावतीहून विमान धरलं. त्यांचं पहिलंच. उडण्याआधी एका बाईचा आवाज आला, मी आपली कॅप्टन म्हणून. सासूबाईंनी माझं मनगट पकडलं.

"पोट्टी चालवून राहिली?"

"हो, आई."

खिडकीजवळ बसूनही त्यांनी बाहेर पाहिलं नाही. पूर्ण प्रवासभर नजर पुढच्या बंद दारावर. उतरल्यावर सगळे गेले, तरी त्या जागच्या हलल्या नाहीत. शेवटी दार उघडून ती आली. केस घट्ट बांधलेले, डोळे दमलेले. सासूबाईंनी तिच्या गालाला हात लावला.

"काही हवंय का, आजी?"

"काही नाही वं. तुले पाह्याले थांबली होती."

टॅक्सीत बसल्यावर त्यांनी पदर सावरला. मग म्हणाल्या, "मले लहानपणी कोणी इचारलंच नाही वं, काय व्हायचं म्हणून."

"विचारलं असतं तर काय सांगितलं असतं?"

त्या बाहेरच्या इमारतींकडे बघत राहिल्या. सिग्नल सुटला, गाडी हलली.

"तवा मालूम होतं," त्या म्हणाल्या. "आता आठवत नाही."