अठ्ठावीस ग्रॅमचा बार

आमच्या लासुर्ण्याच्या बाजूला बंदूक असते ती डुकरांसाठी. उसात शिरतात, मका लोळवतात, म्हणून कुणाकुणाकडे पिकाच्या राखणीचा परवाना असतो. माझाही तसाच, खेळाचं कारण त्यात मी मागाहून जोडून घेतलं. डुक्कर मात्र आजवर एकही मारलेलं नाही. मी उडत्या ताटल्या फोडतो. बशीएवढी ठिसूळ ताटली यंत्राच्या दांडीतून सुटते, पाखरासारखी निघते, आणि छर्रे नीट बसले की हवेतच तिची भुकटी होते. कारखान्यात नोकरीला होतो तेव्हा एका साहेबानं हा नाद लावला. साहेब बदलून गेले, नाद माझ्याकडे राहिला. गावात याला खूळ म्हणतात. म्हणोत बापडे. गावात माझ्यापेक्षा मोठी खुळं आहेत आणि ती निवडणुकीला उभी राहतात.

रविवारी सकाळी विहिरीपलीकडच्या मोकळ्या माळावर मी बंदूक घेऊन उभा राहायचो आणि यंत्राची दोरी बायको ओढायची. मी ‘सोड’ म्हणायचो. ती लगेच सोडायची नाही. मी गाफील झालो की मग सोडायची, आणि नेम चुकला की पदर तोंडाला लावून हसायची. ताटल्या पुण्याहून आणाव्या लागतात हे तिला कधी पटलं नाही. मोडायची वस्तू विकत आणायची, तीही पुण्याहून! तिनं आमच्या कुंभाराला ताटलीएवढे मातीचे परळ करायला सांगितले. त्यानं ते असे खरपूस भाजले, की छर्रे टणटण वाजायचे आणि परळ साबूत जाऊन उसात पडायचा. जरा कच्चे ठेवा म्हणायला गेलो, तर तो चिडला. “मोडाया माल दिऊ व्हय? नाव जाईल माझं!” शेवटी त्या परळांतून आम्ही पाखरांना पाणी ठेवलं.

ती गेल्याला आता तीन वर्षं होतील. मुलगी बंगळूरला असते, आठ-दहा दिवसांनी फोन करते, ‘जेवलात का’ विचारते आणि मी ‘हो’ म्हणतो. दोरी मी पायाला बांधून घेतली. पायानं ओढली की ताटली सुटते, पण कधी सुटणार हे आपल्याला आधीच ठाऊक असतं. फसवणारं कोणी नसलं की नेम लागल्याचा आनंदही अर्धाच होतो. तरी मी रविवार सोडला नाही, कारण आठवड्यात माझी म्हणावी अशी तेवढीच एक सकाळ होती. बाकीचे सहा दिवस नुसते उजाडतात आणि मावळतात.

मग खांदा बोलायला लागला. बारामतीच्या डॉक्टरांनी हात वर करून पाहिला, मागे नेऊन पाहिला आणि म्हणाले, “काका, बंदुकीचा धक्का आता बंद करा.” हलकी काडतुसं वापरली तर? ते म्हणाले, बघा, पण दुखलं की थांबायचं. म्हणजे प्रश्न सरळ होता. हलक्या काडतुसानं ताटल्या फुटल्या तर माझा रविवार राहणार, नाही तर बंदूक जमा. मुलीला अर्थात जमा हवी होती. रविवार काढायचा कसा, हे मात्र तिच्याही फोनमध्ये सापडत नव्हतं.

पुण्याच्या दुकानातून दोन तऱ्हेची काडतुसं आणली. एक माझं नेहमीचं, अठ्ठावीस ग्रॅम छऱ्यांचं. दुसरं चोवीस ग्रॅमचं, दारू कमी, वेग कमी. छऱ्याचा नंबर दोन्हीत एकच. छर्रे कसे पसरतात हे बघायला मोठा कागद लागतो. माझ्याकडे कलिंगडाच्या बेडवर अंथरायचा मल्चिंग पेपर उरला होता. टोमॅटोच्या तारकाठीचे बांबू रोवून तो ताणून बांधला, लांब जाऊन दोन्ही काडतुसं वेगवेगळ्या तुकड्यांवर झाडली आणि कागद उन्हाकडे धरून पाहिले. जड काडतुसाची भोकं जास्त होती, पण मध्ये दाटी आणि कडेला फटी. ताटली निसटावी एवढ्या फटी. हलक्याची भोकं कमी, पण सगळीकडे सारखी, बाईनं हातानं बी टोकावं तशी. मी बराच वेळ ते कागद बघत बसलो. असं काही सापडलं की माणूस मागे वळून ‘हे बघ’ म्हणतो. मीही वळलो.

ताटल्यांवर हलक्याची सवय व्हायला थोडा वेळ गेला. छर्रे सावकाश जातात, म्हणून बंदूक ताटलीच्या जरा अधिक पुढे न्यावी लागते. ते जमलं आणि ताटल्या पहिल्यासारख्याच फुटायला लागल्या. खांद्याला धक्का म्हणजे ओळखीच्या माणसानं हात ठेवावा तेवढा. आवाजही लहान, लोखंडी पेटीचं झाकण पडल्यासारखा. जडाचा बार कालवा ओलांडून जायचा, कुत्री भुंकायची, मोर ओरडायचे. हलक्याला कुत्रंसुद्धा मान वर करत नव्हतं. मला सगळं बरंच वाटलं. जड काडतुसांचा डबा कपाटात वर टाकून दिला.

तिसऱ्या रविवारी मी निघायच्या तयारीत होतो, तेवढ्यात कालव्यापलीकडचा डाळिंबवाला शेजारी अंगणात आला. धावत आला असावा, पायजमा गुडघ्यापर्यंत चिखलानं भरला होता. मला बघून तो दारातच थांबला आणि हसला.

“हाय का तात्या! बरं हाय न्हवं?”

“मला काय धाड भरली? बस. काय झालं?”

“काय न्हाय ओ. दोन ऐतवार बार ऐकू आला न्हाय. आय म्हनली, जा, बघून ये. फोन करतो म्हनलं तर म्हनली, फोन नगं, डोळ्यानं बघून ये.”

त्याची आई खुब्याचं हाड मोडल्यापासून पडवीत बाजेवर असते. तिचं माझं बोलणं होऊन वर्ष झालं असेल.

“ती काय माझा बार ऐकत असते?”

“व्हय की! तुमची मालकीन गेल्यापासनं दर ऐतवारी. बार झाला की म्हनती, ‘हाय ग बाई, हाय अजून.’ मगच च्या घेती.”

तीन वर्षं मी समजत होतो, की मी मेलो तर चार दिवसांनी वासावरून कळेल. मी त्याला हलकं काडतूस दाखवलं, खांद्याचं सांगितलं, कागदही दाखवले. त्यानं भोकांतून उन्हाकडे पाहिलं आणि “आयला, चाळनीच की!” म्हणाला. चहा झाला. उसाची तोड कधी, भवानीनगरच्या कारखान्यावर ट्रॅक्टर किती वेळ अडकतात, डाळिंबावर तेल्या रोग कुणाकडे पडलाय, सगळं बोलून झालं. तो तासभर बसला. बायको गेल्यापासून माझ्या घरात कोणी असं काम नसताना तासभर बसलं नव्हतं.

पुढच्या रविवारी माळावर गेलो तेव्हा खिशात दोन्ही काडतुसं होती. जडाचा बार केला तर पलीकडे म्हातारीला कळेल, मी आहे, आणि कोणी येणार नाही. हलक्याचा केला तर, कारण ठाऊक असूनही म्हातारीला चैन पडणार नाही, आणखी दोन रविवारांनी शेजारी चिखल तुडवत येईल आणि तासभर बसेल. हा हिशेब मी खरोखर केला. लाज वाटली, तरी केला. मीच का उठून त्यांच्याकडे जात नाही? जातो की, वर्षाकाठी एखाद वेळी. पण मी गेलो की खुर्ची पुसतात, कामं खोळंबतात, सून डोक्यावर पदर घेते. आपण कुणाकडे जाणं वेगळं आणि आपल्याकडे कोणी येणं वेगळं. मला कोणी यायला हवं होतं.

पण पलीकडे ती कान देऊन पडलेली असणार, चहा निवत ठेवून.

मी जड काडतूस भरलं. ताटली सोडलीच नाही, वर मोकळ्या आभाळात बार केला. खांद्यातून कळ कोपरापर्यंत गेली. कुत्री भुंकली, उसातून बगळे उठले. बंदुकीची नळी उघडून रिकामं काडतूस काढलं, मी बांधावर बसलो आणि पलीकडे बघत राहिलो. शेजारी डाळिंबात फवारणी करत होता. त्यानं मान वर केली, माझ्या बाजूला बघितलं आणि पुन्हा कामाला लागला.

ऊन चढेपर्यंत मी तिथेच होतो. मग घरी आलो आणि एका माणसाचा चहा टाकला.