आबांनी शून्यावर आणलेला मीटर

आमचे आबा परवा गेले आणि मला रडू आलं नाही.

आबा म्हणजे माझे सासरे. कालपासून ग्रुपवर तुम्ही सगळे त्यांच्या फोटोखाली 'देवमाणूस', 'वडिलांसारखे सासरे' असं काय काय लिहिताय. लिहा. तुम्हाला त्यांच्या घरात राहायचं नव्हतं.

मी राहिले. खडवलीत, त्यांच्या शेतावर, त्यांच्या ट्रॅक्टरवर.

नवरा वागळे इस्टेटला कंपनीत. सकाळी जातो, अंधार पडल्यावर येतो. आबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, त्यांना ट्रॅक्टरवर चढता येईना. मग मी चढले. कल्याणची मुलगी, तोवर स्कूटीशिवाय काही चालवलं नव्हतं.

शिकवलं आबांनीच. ते नाकारत नाही.

स्टिअरिंगसमोरच्या बारीक आकड्यांवर बोट ठेवून म्हणालेले, "गाडीचा किलोमीटर बघतात, याचा तास बघायचा. मळणीला लावला का हा जागचा हालत नाय, पन इंजिन दिवसभर चालतंय. किलोमीटर काय सांगनार?"

अडीचशे तास भरले की ऑइल बदलायचं, फिल्टर बदलायचा. हेही त्यांनीच सांगितलं.

म्हणजे माणसाला सगळं कळत होतं. माझा राग त्याचाच आहे.

मी चिखलणी केली, मळणी केली, गावातल्या लोकांची कामं घेतली. मीटर पळायला लागला. आबा रोज संध्याकाळी काठी टेकत शेडमध्ये जायचे आणि आकडा बघून यायचे. मला वाटायचं, कौतुक असेल.

येडी मी.

"नुसता चालू ठेवून आकडा वाढवतेस," एकदा जेवताना म्हणाले.

"आबा, नुसता चालू ठेवला की आपला मीटर सावकाश सरकतो. इंजिन जोरात फिरलं तरच तासाला तास पडतो. तुम्हीच सांगितलेलं."

आबा ताट सरकवून उठले.

मग एकदा सर्व्हिसवाला ब्रेक बघायला आला. अंगणात आबांचे दोस्त चहा पीत बसलेले. त्याने मीटर बघितला आणि सरळ मनाने म्हणाला, "आबा, या वयात एवढा चालवता?"

दोस्तांपैकी एक जण बोलला, "आबा कुठला? सून चालवते त्यांची."

सगळे हसले. आबांना हसले, मला नाही.

आबा म्हणाले, "मीटर बिघाडलाय."

पुढच्याच आठवड्यात मी दोन दिवस माहेरी गेलेले. परत आले तर ट्रॅक्टरला नवा कोरा मीटर. त्यावर सगळी शून्यं.

चार वर्षं मी त्या सीटवर बसले होते. उन्हात, चिखलात, तोंडाला फडकं बांधून. ते सगळं या माणसाने पुसून टाकलं, का, तर चारचौघांत सुनेचं नाव निघालं.

नवरा म्हणाला, "जाऊ दे ना, आकडाच आहे."

जाऊ दे म्हणायला त्याचं काय जातंय?

मी सांगत राहिले, जुन्या मीटरचे तास धरा, ऑइल बदलायची वेळ होऊन गेलीये. आबांनी मेकॅनिकला फोन करून परस्पर नको म्हणून सांगितलं. "नव्या मीटरवर अजून लय टाइम हाय. ट्रॅक्टर माझ्या नावावर हाय."

मळणीच्या दिवसांत शेजारच्या सुमनकाकूंच्या खळ्यावर इंजिन जाम झालं. त्यांचं अर्धं भात तसंच पडून राहिलं. काकू मला वाट्टेल ते बोलल्या आणि मी ऐकून घेतलं.

आबांनी गावभर सांगितलं, "बाईमानसाच्या हातात दिला का असाच व्हतंय."

हे वाक्य मी मरेपर्यंत विसरणार नाही.

इंजिन शीळफाट्याच्या गॅरेजात खोललं. तळातून ऑइल म्हणून जे निघालं ते काळं, घट्ट, खरवडून काढावं लागलं. मी ते डब्यात भरून घरी आणलं आणि आबांच्या खुर्चीसमोर ठेवलं.

"हे बघा."

"आकडा कमी व्हता," ते डब्याकडे न बघता म्हणाले.

"आकडा तुम्ही कमी केलात, आबा."

त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

त्यानंतर ट्रॅक्टर दुरुस्त झाला, मीच चालवला, ऑइल माझ्या हिशोबाने बदललं. या विषयावर आमच्यात एक शब्द झाला नाही. शेवटच्या आजारपणात त्यांना भरवलं मी, कूस बदलली मी. तेव्हाही नाही.

काल लोक भेटायला आले. त्यांच्या एका दोस्ताने डोळे पुसत म्हटलं, "गुडघे गेले तरी आबांनी एकट्याने शेती राखली."

मी म्हटलं, "एकट्याने नाही, काका. ट्रॅक्टर मी चालवते. गावाला माहीत आहे, तुम्हालाही माहीत आहे."

नणंद म्हणाली, "वहिनी, आज तरी नको."

आज नको, तर कधी? जिवंतपणी आदर ठेवायचा म्हणून गप्प, आता मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलायचं नाही म्हणून गप्प. मला मग दिवस कुठला दिलाय तुम्ही?

काका मान हलवून म्हणाले, "खरंय पोरी. तूच चालवतेस."

सगळ्यांसमोर म्हणाले. इतकी वर्षं हेच ऐकायचं होतं, आणि ऐकून काहीच वाटलं नाही. तेव्हा कळलं, मला हे गावाकडून नको होतं.

आबा, तुम्ही एकदा म्हणायला हवं होतं. अंगणात नाही तर नाही, घरात, हळू आवाजात, माझ्याकडे न बघता म्हटलं असतं तरी चाललं असतं.

आता ते कुणीच म्हणू शकत नाही.

शेवटचा नमस्कार, आबा. माफ केलेलं नाही.