जाळीतला बोळा

आमच्या घरात बुद्धवंदना होते. अंगारा, धागा, उतारा यातलं काही कोणी आणत नाही, आणि मीही कधी मानलं नाही. कोणी भुताची गोष्ट सांगू लागलं की मी भांडी घासायला उठते. म्हणून हे लिहायला सहा महिने लागले. चौथीपर्यंत शिकले आहे, सांभाळून घ्या. तोंडानं सांगणं तर मला जमलंच नसतं...

मी दारव्ह्यात बाळ-बाळंतिणींना अंघोळ घालते. आधी माझी आई घालायची. तिला जाऊन अकरा वर्षं झाली. तेव्हा बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी असायची. सगळी खोली बंद करून आई एक झरोका मात्र उघडा ठेवायची. म्हणायची, “धुराले वाट ठेवजो, बाई.” आणि तिची एक सवय — कापडाच्या चार घड्या घालून शेवटचा कोपरा असा आत खोचायची की घडी सुटायचीच नाही. ती खोच मला कधी जमली नाही.

गेल्या हिवाळ्यात एका घरी काम मिळालं. घरच्या काकूंची मुलगी पल्लवी पहिल्या बाळंतपणाला आली होती. तिच्यासाठी न्हाणीत नवा गॅस गिझर बसवला होता. बसवणारा म्हणाला होता, “धुराचा पाइप उद्या लावून देतो, तोपर्यंत भिंतीतली वरची जाळी उघडी ठेवा.” तो उद्या काही उगवला नाही.

काकूंनी मला जुन्या लुगड्याचा तुकडा दिला. “जाळीत बोळा कोंब वं. बाळंतिणीले वारा लागला त जन्माचं दुखणं!”

आमच्याकडे सगळेच असं करतात. मीही पाटावर चढून कोंबला. आईचं बोलणं आठवलं, पण वाटलं, गॅसला कुठं धूर असतो?

अंघोळ घालून बाहेर आले, तर धुण्याच्या दगडावर, माझ्या चपलांजवळ, तेच कापड. चार घड्या. वाटलं, काकूंनीच काढलं असेल.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. या वेळी काकूच चिडल्या.

“काय वं सुमनबाई, बोळा काहून काढून राह्यली रोज? माह्या पोरीवर राग हाय का तुहा?”

“मी नाही काढला, काकू...”

“मंग काय त्याले पाय फुटले?”

मी खाली मान घातली. तेव्हा कापडाकडे नीट पाहिलं. कोपरा आत खोचलेला होता.

घरी जाऊन जेवण गेलं नाही. उद्या सांगायचं ठरवलं — काकू, जाळी उघडी राहू द्या. पण सकाळी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि नुसतं तेल कुठं ठेवलं एवढंच विचारलं. काम गेलं तर, ही एक भीती. आणि दुसरं, सांगू तरी काय? मेलेली आई घडी घालून ठेवते म्हणून?

त्या दिवशी काकूंनी स्वतः बोळा कोंबला, वर आडवी बांबूची कमची ठोकली आणि बाळाला मांडीवर घेऊन न्हाणीच्या दारासमोर बसल्या. “आता पायतो कसा निघते!”

आतून कडी लावली. गरम पाणी सोडलं. थोड्या वेळानं पल्लवी म्हणाली, “मावशी, डोकं गरगर करून राह्यलं.”

“कच्चं अंग हाय माय, होते तसं.” असं म्हणाले खरं, पण माझेच गुडघे सुटले होते. गिझरमधली निळी आग पिवळी दिसत होती. पल्लवी भिंतीला टेकली, मग घसरलीच. मला उठायचं होतं, पण पाय उठेनात. बाहेर बाळ रडायला लागलं. दूध मागत होतं. मला ते ऐकू येत होतं आणि हात हलत नव्हता...

तेवढ्यात ओल्या फरशीवर ऊन पडलं. वर पाहिलं — जाळी मोकळी. कपाळाला गार वारा लागला. त्या वाऱ्याच्या जोरावर सरपटत जाऊन मी कडी काढली आणि जन्मात पहिल्यांदा कोणाच्या घरात ओरडले. “काकू, दार लोटा! पोरीले बाहेर घ्या!”

अंगणात पल्लवीला उलटी झाली, मग डोळे उघडले. डॉक्टर म्हणाले, बंद खोलीत गॅस जळला की विषारी हवा साठते. धूर दिसत नाही, वास येत नाही, माणूस बसल्या जागी झोपतो. अजून थोडा उशीर झाला असता तर... काकूंनी दुसऱ्याच दिवशी गिझर न्हाणीबाहेर लावून घेतला.

दवाखान्यातून परतलो तेव्हा दगडावर ते कापड होतं. चार घड्या, कोपरा आत. बांबूची कमची जाळीत जशीच्या तशी अडकलेली. न्हाणीसमोर बसल्यापासून दगड काकूंच्या नजरेसमोरच होता, तिकडे कोणी फिरकलं नव्हतं.

आईबद्दल मी काकूंना कधी काही सांगितलं नव्हतं. तरी त्यांनी ते कापड दोन्ही हातांनी उचललं आणि माझ्या ओटीत ठेवलं. “ने माय. तुह्या माणसाचं दिसते.”

आता नव्या घरी गेले की आधी विचारते, गरम हवा बाहेर कुठून जाते? बाया हसतात. हसू देत. जाळी उघडल्याशिवाय मी पाणी सोडत नाही.

वाऱ्यानं पडलं, मांजरानं ओढलं, सगळं मनात घोळवून पाहिलं. मी अजूनही मानत नाही. पण ती घडी मी मोडलेली नाही. दुसरं कापड घेऊन किती वेळा बसते... चार घड्या होतात, कोपरा आतही जातो. हात काढला की सुटतो.