सुनेच्या नावाचा अर्ज

शाळेत हेडक्लार्क म्हणून तीसेक वर्षं काढल्यावर माणसाला कागदांखेरीज दुसरं काही येत नाही, आणि वसईत तर हल्ली घरटी एक जण परदेशी निघालेला. म्हणून निवृत्त झाल्यावर माणिकपूरच्या एका मंडळाने मला टेबल-खुर्ची दिली. तिकडे जाऊन बस्तान बसवणाऱ्यांचे कागद इकडून नीट करून द्यायचे, फुकट. सल्ला द्यायला मला आवडतं. ऐकून घ्यायला तितकंसं आवडत नाही, असं घरचे म्हणतात.

एके दिवशी जवळच्या गास गावाहून एक बाई आल्या. माझ्याच वयाच्या, घरची केळीची आणि भाजीची वाडी. मुलगा आणि सून आयर्लंडला गेलेले. सून नर्स, लग्नाआधी दोन वर्षं आणि नंतर सहा वर्षं इथल्या हॉस्पिटलात काम केलेली. तिकडे मात्र ती एका वृद्धाश्रमात चादरी बदलत होती, कारण नर्स म्हणून तिची नोंदणी अडली होती. शिक्षणाची सगळी प्रमाणपत्रं माहेरच्या नावाची, पासपोर्ट सासरच्या. नुसतं आडनाव वेगळं असतं तर निभावलं असतं. पण लग्नात ताटातल्या तांदळांवर नवऱ्याने अंगठीने नवं नाव लिहिलं होतं, आणि पुढे आधार, पासपोर्ट सगळं त्याच नावाने झालं. तिकडच्या कार्यालयाच्या हिशेबी या दोन वेगळ्या बायका होत्या. ठरलेल्या मुदतीत पुरावा गेला नाही तर तिची फाइल बंद होणार होती.

"सगळ्या गावाला म्हायती हाय की ती एकच हाय," बाई म्हणाल्या. "मंग कोनाला काय पुरावा पायजे?"

"गावाला माहीत असून भागत नाही, ताई. सरकारी राजपत्रात छापून यावं लागतं."

नावबदलाचा अर्ज म्हणजे माझ्या हातचा मळ. जुनं नाव, नवं नाव, कारण, एवढे तीन रकाने. जुन्यात माहेरचं, नव्यात सासरचं, कारण विवाह. असे अर्ज मी डोळे मिटून भरतो, तसाच हाही भरला. सुनेला काही विचारावं हे डोक्यातसुद्धा आलं नाही.

पुढच्या गुरुवारी दुपारी व्हिडिओ कॉल ठरला. तिकडे नव्याने आलेल्यांना मदत करणारं एक केंद्र आहे. पडद्यावर तिथल्या सल्लागार बाई आणि त्यांच्या शेजारी सून, इकडे मी आणि सासूबाई. मी अर्ज कॅमेऱ्यासमोर धरून मोठ्या रुबाबात समजावला. सल्लागार बाईंनी सगळं ऐकून घेतलं. राजपत्रात दोन्ही नावं आली म्हणजे फाइल चालू राहील, पुढचं नंतर बघता येईल, म्हणाल्या. मग माझ्याकडे न बघता त्यांनी सुनेला इंग्रजीत विचारलं, "पण तुम्हाला स्वतःला कोणतं नाव लावायचंय?"

प्रश्न मला इतका पोरकट वाटला की उत्तर मीच देणार होतो. तेवढ्यात सून मराठीत, खाली बघत म्हणाली, "मला माझं आधीचं हवंय. त्या नावाने मी नर्स झाले." आणि लगेच घाईघाईने, "आडनाव आपलंच राहू दे, आई."

मला राग आला, खोटं कशाला सांगू. आता पासपोर्टही बदलायला हवा, म्हणजे दुप्पट काम. पण राग तेवढ्याचाच नव्हता. सासूसमोर हे असं बोलायला नको होतं, असं मला वाटलं. माझ्या बायकोचं नावही लग्नात मी बदललंय, आणि तिला ते हवं होतं का, हे मी आजवर विचारलेलं नाही. त्या दुपारी पहिल्यांदा त्याची लाज वाटली.

सासूबाई टेबलावरच्या अर्जाकडे बघत राहिल्या. सुनेचं सासरचं नाव त्यांनी स्वतः निवडलेलं होतं.

"आवडलं नव्हतं व्हय गं तुला?"

"आवडतं की, आई. घरात तुम्ही तेच म्हणा."

 सासूबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तिला पायजे तसा लिवा, सर." मी नवा अर्ज घेतला आणि आडनाव सासरचंच ठेवून जुन्या-नव्या नावांची अदलाबदल करून भरला. सुनेच्या सहीसाठी तो तिकडे गेला, परत आला, आणि मुदत संपायला तीन दिवस असताना राजपत्र हातात पडलं.

फाइल स्वीकारल्याचं कळलं तेव्हा सासूबाई वाडीतली केळी घेऊन मला सांगायला आल्या. माझ्या टेबलावरूनच त्यांनी मुलाला फोन लावला. पडद्यावर मुलगा दिसला, त्याच्या मागे स्वयंपाकघरात पाठमोरी सून चहा गाळत होती. सासूबाईंनी तिला हाक मारली, माहेरच्या नावाने.

मुलगा चमकून आईकडे बघायला लागला. सून वळली नाही. लग्न झाल्यापासून या आवाजात ते नाव तिने एकदाही ऐकलं नव्हतं, आपल्यालाच बोलावतायत हे तिच्या लक्षात येईना.

सासूबाईंनी फोन तोंडाजवळ घेतला आणि पुन्हा हाक मारली.