बर्फघरातलं जातं

"कलाकार मागच्या दारानं. तुमचं जेवण तिकडंच ठेवलंय, मावशी."

असं म्हणून त्यानं माझ्या आयचा दंड धरला. काचेच्या दारात, येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांच्या देखत. त्याच्या कोटावर मॅनेजर अशी पितळी पट्टी होती. आय मुकाट मागं वळली. तिला वाटलं, जेवण खरंच मागं असेल.

मी म्हटलं, "आम्ही टेबल बुक केलंय."

त्यानं आधी माझ्याकडं बघितलं, मग आयच्या फडकीकडं. फडकी म्हणजे आमच्या बाया लुगड्यावर खांद्यावरून घेतात ते कापड. आयनं ठेवणीतली लाल काढली होती. हॉटेलात जायचं तर नीट जावं, असं तिचं म्हणणं. आणि त्या फडकीनंच घात केला. पेठकडच्या पाड्यावरून नाचायला बाया बोलावल्या होत्या, त्यांच्या गाडीला उशीर झाला होता. त्याला वाटलं, त्यातलीच ही एक.

"सॉरी मॅडम, गैरसमज झाला."

माफी मला मागितली. दंड आयचा होता.

तिथूनच परत फिरायला हवं होतं असं कोणी म्हणेल. का फिरायचं? आम्ही जेवायला आलो होतो.

हे रिसॉर्ट इगतपुरीच्या अलीकडं, घाटमाथ्यावर. पावसाळ्यात जिथं धुतलेलं लुगडं आठवडा आठवडा वाळत नाही, तिथं ह्यांनी गारठा विकायला काढलाय. मोठ्या हॉलात मशीनचा बर्फ पाडलाय. लोक भाड्याचे कोट चढवतात, पायाला लांब पट्ट्या बांधतात, उतारावरून घसरतात, आपटतात, हसतात. त्याला लागूनच हे नवीन रेस्टॉरंट. मधे काचेची भिंत. जेवता जेवता पडणारी माणसं बघायची. आय म्हणाली, "बाय, ह्यांना घरी थंडी वाजत नाय का?" मला हसू आलं. तेवढंच त्या दिवसाचं हसू.

आम्ही गेलो त्याला कारण जाहिरात. तीत 'आदिवासी थाळी' होती. नागलीची म्हणजे नाचणीची भाकर, उडदाची आमटी, खुरासणीची म्हणजे कारळ्याची चटणी. मी नाशकात एका दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त तपासते. सुट्टीला पाड्यावर गेले तेव्हा मोबाइलवर आयला दाखवली, तर ती पोट धरून हसली. "आपली भाकर? इकत? चल, बघू तरी कोण खातं." म्हणून आलो. जन्मात पहिल्यांदा ती टेबलावर जेवणार होती आणि दुसरं कोणी तिला वाढणार होतं. मला तेवढंच बघायचं होतं.

बसलो. टेबलांच्या मधोमध एक ओटा होता, शेणानं सारवल्यासारखा रंगवलेला. त्यावर जातं. झेंडूची माळ घातलेलं. कोणाची तरी पोरं येऊन ते गरागरा फिरवत होती. आत दाणा नाही. दगडावर दगड खरखरत होता.

आयचा चेहरा पडला. "रिकामं फिरवतात गं."

आमच्यात रिकामं जातं फिरवत नाहीत. घरातलं धान्य उठतं म्हणतात. लहानपणी मी एकदा फिरवलं होतं, तेव्हा आयनं पाठीत असा धपाटा घातला होता की अजून आठवतो. इथं ती कोणाला धपाटा घालणार? मान खाली घालून बसली.

तेवढ्यात मॅनेजर आला. या वेळी गोड हसत.

"मावशी, एक रिक्वेस्ट होती. आमच्या कलाकार अजून पोचल्या नाहीत. थोडा वेळ जात्यावर बसता का? पाहुण्यांना फोटो हवेत. तुमचं दोघींचं जेवण आमच्याकडून."

शेजारच्या टेबलावरची बाई बर्फातून तशीच भाड्याच्या कोटात आली होती. तिनं मोबाइल उचललासुद्धा. "हो ना काकू, प्लीज. किती ओरिजिनल दिसता तुम्ही."

आय हसली. ते हसू मी जन्मापासून ओळखते.

"जातं रिकामं हाय, दादा," ती म्हणाली. "रिकामं फिरवत नाय आमी."

ही आमची रीत. आम्ही कोणाला तोंडावर नाही म्हणत नाही. कारण देतो. द्राक्षबागेच्या मुकादमानं सणाला कामावर बोलावलं तर आय म्हणायची, पोरीला ताप हाय. माझं अंग गार असायचं. आश्रमशाळेत साहेब यायचे, तेव्हा पोरींच्या कमरेला पाला बांधून नाचायला लावायचे. आमच्या पाड्यावर तसा पाला कोणी बांधत नव्हतं. मी म्हणायचे, सर, पोटात दुखतंय. कधी चालून जायचं, कधी पोटदुखीसकट नाचावं लागायचं. पण "मला नाचायचं नाही" हे वाक्य माझ्या तोंडात कधी आलंच नाही. ते कोणी शिकवलंच नव्हतं.

मॅनेजर म्हणाला, "एवढंच ना?" त्यानं वेटरला हात केला. वेटरनं आतून वाटीभर नागली आणली आणि जात्याच्या तोंडात ओतली.

झालं. आता जातं रिकामं नव्हतं. आयचं कारण त्यानं वाटीभर दाण्यात बुजवून टाकलं. तीन-चार मोबाइल वर आले. आय खुर्चीला धरून उठायला लागली आणि उठता उठता तिनं माझ्याकडं बघितलं. काहीतरी सांग, असं ते बघणं. माझ्या जिभेवर कारणं तयार होती. तिचा गुडघा दुखतो. उपास आहे. शेवटची गाडी चुकेल. एक फेकलं असतं तर सुटलो असतो, गोडीगुलाबीनं.

मी आयच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिला खाली बसवलं.

"नाही," मी म्हटलं.

"काही प्रॉब्लेम आहे का मॅडम?"

"नाही."

"मग?"

"मग काही नाही. ती बसणार नाही."

तो थांबला. मी पुढं काहीतरी बोलेन म्हणून थांबला. मी बोलले नाही. काचेपलीकडं कोणीतरी आपटलं. कोटातली बाई म्हणाली, "जाऊ दे हो, इश्यू नको." मॅनेजर वाकून हळू आवाजात म्हणाला, "आम्ही तुमच्या संस्कृतीचा मानच ठेवतोय."

"मान ठेवायचाय तर थाळी आणा."

थाळी आली. उशिरा आली, पण आली. मॅनेजरनंच ती ठेवता ठेवता विचारलं, "कुठल्या पाड्यावरच्या तुम्ही?" मी सांगितलं. माझ्या नावासकट सांगितलं. आम्ही जेवलो. भाकर चिवट होती. आजूबाजूचे बघत होते. आय खाली मान घालून सगळं जेवली, ताट पुसून. बिल मी पूर्ण दिलं.

गाडीत आय माझ्यावर भडकली. "गुडघा दुखतो म्हणायचं ना. तोडून कशाला बोललीस? आपल्या पोरी हितं नाचाया येतात. उद्या ह्यानं त्यांना बंद केलं तर?"

तिची भीती खोटी नव्हती. माझ्या एका शब्दानं दुसऱ्या कोणाची चूल विझू शकते, हे मला कळतं. पण हीच भीती दाखवून आयला आयुष्यभर कारणं शोधायला लावली. मी म्हटलं, "बंद केलं तर मी येईन आणि ह्याच्या दारात बसेन. पण गुडघा दुखतो म्हणणार नाही. तुझा गुडघा चांगलाय."

परवा लॅबमध्ये मोठे डॉक्टर आले. वर्धापनदिन आहे, मंत्री येणारेत. "तू तुमच्या त्या वेशात ये. साहेबांना ओवाळायला छान दिसेल."

मी म्हटलं, "नाही."

ते उभे राहिले, भुवया वर करून. ताप, पाळी, घरी पाहुणे, काहीतरी मी सांगेन म्हणून. मी नमुन्याची काच उचलली आणि कामाला लागले. राहू देत उभे. माझ्या नाहीला यापुढं कारण जोडलेलं नसेल, आणि माझ्या पोटी पोर झालंच तर त्याला पहिल्यांदा मी हाच शब्द शिकवणार आहे.