दर गाडीमागे पंचाण्णव किलो

बावीस वर्षं मी मंठ्यात एका शेठच्या सोयाबीनच्या गोदामावर वजनाचं काम बघतो आहे आणि माझ्या काट्यावर कधी फरक पडलेला नाही. (हे वाक्य मी गेल्या दसऱ्यापर्यंत लग्नकार्यातसुद्धा सांगायचो.)

दसऱ्यानंतर फरक पडला. भरलेली गाडी मोठ्या वजनकाट्यावर घ्यायची, माल उतरवून रिकामी गाडी पुन्हा घ्यायची, वजाबाकी म्हणजे माल. इतकं सोपं! पण तोच माल पोत्यांत भरून तोलला की दर गाडीमागे ऐंशी किलो कमी!

शेठनी मला बोलावलं.

"गणपतराव, दर गाडीतून दीड पोतं कुठं जाऊन राह्यलं?"

"बघतो शेठ."

"बावीस साल भरोसा ठेवला तुमच्यावर. होळीपर्यंत चोर पकडा, न्हाईतर मी दुसरा माणूस बघतो."

चोर! माझ्या काट्यावर! एरवी मी तीन पोळ्या खातो. त्या दिवशी सात खाल्ल्या. काळजीनं भूक मरते म्हणतात. माझी बाळसं धरू लागली. दुसऱ्या दिवशी नऊ.

दिवाळी झाली, तूट पंच्याऐंशी. मी गोदामाला दुसरं कुलूप लावलं. संक्रांतीला तूट नव्वद! चोर धीट होत चालला होता. मग मी स्वतः पोत्यांवर बसून पहारा सुरू केला आणि हाताला चाळा म्हणून रोज पाव किलो चिवडा.

बायकोनं, मंगलनं, मला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी वजन केलं. नव्वद.

"कामाचं टेन्शन आहे का?"

"आहे."

"टेन्शनमध्ये काही लोक वाळतात, काही खातात. तुमचं शर्टाच्या बटणावरून दिसून राह्यलं."

होळीच्या आधीच्या रविवारी मुलगी पुण्याहून आली आणि घरात वापरायचा काचेचा वजनकाटा घेऊन आली. मी उभा राहिलो. पंचाण्णव! मी उतरलो, शंकरपाळ्यांचा डबा जवळ ओढला आणि गाड्यांची तूट टिपायची ती चोरीची वही उघडली. मंगल मागून वाचत होती.

"अहो, ह्या वहीतबी पंचाण्णवच हाय."

"ती चोरी आहे."

"आन् आत्ता ते काचेवर?"

"तो मी."

"संक्रांतीला डॉक्टरनं किती सांगितल्तं?"

"नव्वद."

"आन् वहीत?"

मी पान मागं उलटलं. तिथंही नव्वद.

"गाडीचं वजन होऊन राह्यलं की तुम्ही कुठं उभे राहता?" मंगलनं विचारलं.

सांगतो. दसऱ्याला एका ड्रायव्हरनं गाडीचा नंबर चुकीचा सांगितला. तेव्हापासून मी कोणाच्या तोंडावर विश्वास न ठेवता स्वतः पाटी वाचतो. काट्यावर चढून, गाडीसमोर उभा राहून. नंबर सांगतो आणि केबिनमधल्या शेखभाईंना ओरडतो, "घ्या!" की ते बटण दाबतात. रिकाम्या गाडीचा नंबर आधीच लिहिलेला असतो, म्हणून तेव्हा मी खाली असतो.

म्हणजे चार-पाच महिने मी स्वतःला सोयाबीन म्हणून मोजत होतो! काटा पाच-पाच किलोनं मोजतो, म्हणून आकडेही असे सुबक. मुलगी हसून हसून जमिनीवर बसली. मला मात्र होळीची मुदत आठवली.

सोमवारी शेठसमोर उभा राहिलो आणि सगळं सांगून टाकलं. मग शेखभाईंवर घसरलो.

"शेखभाई, मी काट्यावर उभा दिसत नव्हतो तुम्हाला?"

"दिसत होते ना साहेब. रोज दिसत होते. पण तुम्ही मॅनेजर! मला वाटलं, तुम्हाला वजनात धरत न्हाईत."

शेठनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. गेली नोकरी, असं मी मनात म्हटलं. आणि एकदम त्यांचं पोट हलायला लागलं.

"म्हणजे गणपतराव, माल चोरीला गेलाच न्हाई! दर गाडीसंगं मी तुम्हालाच खरेदी करून राह्यलो होतो!"

नोकरी वाचली. टेन्शन गेलं, आता वजन उतरायला हवं होतं. पण शेठनी नवीनच टूम काढली. दर सोमवारी सगळ्या हमालांसमोर मला काट्यावर उभं करतात आणि स्वतः ओरडतात, "घ्या!" त्या सोमवारच्या धास्तीनं रविवारी माझ्या पोळ्या पुन्हा नऊवर जातात.

गेल्या सोमवारी काट्यानं शंभर दाखवले. एक क्विंटल! बावीस वर्षांत इतका तंतोतंत माल माझ्या काट्यावर कधी आला नव्हता.