एक्सलवरचा रंग

त्या जुन्या ट्रॅक्टरचे प्रकरण निवृत्तीनंतरही माझ्या डोक्यातून गेलेले नाही.

पालीच्या बाजूच्या एका ठाण्यात मी तेव्हा सहायक निरीक्षक होतो. लोट्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत अनेक वर्षे पाळ्या केलेला एक माणूस नोकरी सोडून गावी आला होता. त्याने दलालाकडून जुना ट्रॅक्टर घेतला. तिसऱ्याच आठवड्यात ट्रॉलीत जांभ्याचे चिरे भरून उतार उतरताना ट्रॅक्टर उलटला आणि तो खाली सापडला. जागीच गेला.

आम्ही अकस्मात मृत्यूची नोंद केली, पंचनामा केला, ट्रॅक्टर ठाण्याच्या आवारात आणला. पुढचा एक्सल मोडला होता. उलटल्यामुळे मोडला असणार, असे सगळ्यांनी धरले. मीही धरले. चालक नवशिका, रस्ता उताराचा. कागद बंद व्हायच्या बेतात होते.

चौथ्या दिवशी एक वेल्डर आला. ठाणे अंमलदाराने त्याला माझ्याकडे पाठवले. मग मला म्हणाला, "साहेब, त्या एक्सलला जोड मी मारलाय. दलालाला बोललो होतो, ह्याच्यावर वजन नाय घ्यायचं. त्यानं वरून रंग मारून घेतला."

पंचांसमोर रंग खरवडला. मोडलेल्या जागेवरच वेल्डिंगची जुनी शिवण निघाली.

मयत काही एकटा खरेदीला गेला नव्हता. शाळेपासूनचा मित्र, गावातलाच मेकॅनिक, त्याने सोबत नेला होता. त्याला चौकशीला बोलावले.

"सगळं तपासलं, साहेब. रंगाखालचं कसं दिसणार?"

मी आवाज चढवला नाही. आवारात जप्तीतला आणखी एक ट्रॅक्टर उभा होता. म्हटले, "त्या दिवशी तपासलात तसाच हा तपासून दाखवा."

त्याने तेल पाहिले, इंजिन चालू करून धूर पाहिला, क्लच दाबला, लिफ्ट वरखाली केली. मग सवयीने पुढे जाऊन वाकला आणि एक्सलवरून, जोड लागतो का म्हणून, बोट फिरवू लागला.

"त्या दिवशी बोटाला काय लागलं होतं?" मी विचारले.

तो तिथेच खाली बसला. "शिवण लागली होती. मोडला तर शेतात मोडेल, गाडी माझ्याच गॅरेजला येईल, असं वाटलं. माणूस जाईल असं नाय वाटलं, साहेब."

हलगर्जीपणाने मृत्यू घडवल्याचा गुन्हा दलाल आणि मेकॅनिक या दोघांवर दाखल केला. पण पोलिसांपुढची कबुली न्यायालयात पुरावा ठरत नाही. आणि वेल्डरने साक्षीत सांगितले, जोड आपण मारला की नाही ते आठवत नाही. त्याचे निम्मे काम त्या दलालाकडूनच येत होते. दोघेही सुटले.

न्यायालयाबाहेर मयताची बायको मला म्हणाली, "गाडी बघून हे आणि त्यांचे मेकॅनिक मित्र आमच्याकडेच जेवायला आले होते. मी विचारलं, भावजी, गाडी बरी आहे ना? ते बोलले, वहिनी, बिनघोर घ्या. आणि अजून वायच आमटी मागितलीन."



जुने यंत्र घेताना जाणकार माणूस सोबत न्यावा, असे मी नोकरीभर लोकांना सांगत आलो. आता कोणी विचारले तर एवढेच जोडतो: यंत्र मोडल्यावर ज्याला काम मिळणार आहे, तो जाणकार नेऊ नका, मग तो कितीही जवळचा असो.